माजघरातला दाढीवाला इटालियन

प्रश्न : आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माजघरात पणजोबांनी मुंबईच्या लिलावात घेतलेलं एक ऑइल पेंटिंग आहे, पांढऱ्या दाढीचा माणूस, काळा कोट. सही लागत नाही पण मागच्या लाकडावर ‘मिलानो 1887’ एवढं वाचता येतं. आजोबा म्हणायचे गॅरिबाल्डी, काका म्हणतात मॅझिनी, आणि पुतण्याने मोबाईलवर फोटो टाकून शोधलं तर व्हेर्दी नावाचा संगीतकार निघाला. नक्की कोण? चेहरा काळवंडलाय, खोबरेलाने पुसू का?
– एक वाचक

उत्तर : खोबरेल नको, लिंबू-बटाटाही नको, ओलं फडकं तर लांबच ठेवा. काळेपणा बहुतेक जुन्या व्हर्निशचा आणि समईच्या धुराचा असणार, त्यावर तेल चोपडलं की धूळ चिकटते आणि आपल्याकडच्या पावसात बुरशीला आमंत्रणच.

आता माणूस कोण ते. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी हे दोघे इटलीच्या स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी. मॅझिनी 1872 ला गेला, गॅरिबाल्डी 1882 ला, म्हणजे 1887 खरं धरलं तर दोघंही समोर बसले नव्हते. फोटोवरून काढलं असेल म्हणा, तशी चित्रं तेव्हा ढिगाने निघायची. पण गॅरिबाल्डी काढायचा आणि त्याची ओळख असलेला लाल सदरा नाही? मला नाही पटत. सावरकरांच्या मॅझिनी चरित्रामुळे आपल्याकडे ही दोन नावं घरोघरी, त्यामुळे कुठलाही दाढीवाला इटालियन दिसला की तीच सुचतात. व्हेर्दी मात्र सालात बसतो, त्याचा ‘ओतेल्लो’ हा ऑपेरा (संगीत नाटक) फेब्रुवारी 1887 मधे मिलानच्याच ला स्काला थिएटरात पहिल्यांदा झाला, आणि आदल्या वर्षी बोल्दिनी नावाच्या चित्रकाराने त्याची दोन चित्रं केली, एक तैलचित्र आणि एक उंच टोपीतलं पेस्टल म्हणजे रंगखडूचं चित्र, हे पेस्टल आता रोममधे आहे आणि इंटरनेटवर जिकडेतिकडे दिसतं, मोबाईलने तेच उचललं असणार. पण पांढरी दाढी आणि काळा कोट तेव्हा मिलानच्या कुठल्याही वकील-डॉक्टरचा असायचा हो, नुसत्या चेहऱ्यावरून काही ठरत नाही.

खरा पुरावा मागच्या बाजूला. चिठ्ठी, शिक्का, नाव, लिलावाचा आकडा, काय असेल त्याचे फोटो काढा, पणजोबांची पावती सापडली तर सोन्याहून पिवळं. ‘मिलानो’ हा कॅनव्हास विकणाऱ्या दुकानाचा शिक्काही असू शकतो, मग त्याने फक्त लाकूड कुठलं ते कळलं. आणि भिंग लावून बघा, बारीक ठिपके दिसले तर ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र. ब्रशचे फटकारे दिसले तर पुढे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाला विचारा. तोवर चिऱ्याच्या ओल्या भिंतीवरून उतरवून आतल्या कोरड्या भिंतीला लावा, मागे बुचाचे तुकडे ठेवून हवा खेळू द्या.

विकायचं मनात असेल तर एक लक्षात ठेवा, शंभर वर्षांवरचं चित्र पुरावस्तूंच्या 1972 च्या कायद्याने खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, दुबईचा भाचा कितीही ‘मी बघतो’ म्हणाला तरी.