फ्रेंचच्या वर्गासाठी साहित्य कोठून आणावे?

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. पाठ्यपुस्तकातील संवाद त्यांना बेगडी वाटतात आणि फ्रेंच वृत्तपत्रांतील लेख आवाक्याबाहेरचे ठरतात. यांच्या मधले साहित्य कोठे मिळेल? स्वतः तयार करायचे झाल्यास सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपण म्हणता ते मधले साहित्य फ्रेंच माणसांनी रोजच्या गरजेसाठी काढलेल्या साध्या कागदांत सापडते. माझ्या मते सुरुवात शाळेच्या भोजनगृहाच्या साप्ताहिक जेवणपत्रिकेपासून करावी. फ्रान्समधील अनेक नगरपालिका आपल्या शाळांत त्या आठवड्यात मुलांना काय वाढले जाणार, हे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतात. पानभर मजकूर, त्यात वारांची नावे, पदार्थांची नावे आणि क्रियापदे जवळजवळ नाहीत, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांतला विद्यार्थीही ते पान वाचू शकतो. शिवाय त्या पानात संस्कृतीविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आधी एखादी कोशिंबीर किंवा सूप, मग मुख्य पदार्थ, त्यानंतर चीज अथवा दही आणि शेवटी फळ किंवा गोड, हा क्रम सहा वर्षांच्या मुलाच्या जेवणातही पाळला जातो. बुधवारचा रकाना पुष्कळ ठिकाणी नसतोच, कारण बऱ्याच गावांत त्या दिवशी प्राथमिक शाळा भरत नाही. आठवड्यातून किमान एक जेवण शाकाहारी असते. २०१८ च्या कायद्यानुसार नोव्हेंबर २०१९ पासून ते प्रयोग म्हणून सुरू झाले आणि २०२१ च्या कायद्याने कायम झाले. आपल्या वर्गातील शाकाहारी घरांतल्या मुलांना ही माहिती विशेष जवळची वाटेल.

असा कागद हाती आल्यावर त्याची भाषा सोपी करण्याच्या मोहात पडू नये; सोपे करायचे ते मुलांना दिलेले काम. पहिल्या वाचनात मुलांनी ओळखीच्या शब्दांखाली फक्त रेघ मारावी. दुसऱ्या वाचनात आपण कोणत्या वारी त्या शाळेत जेवायला बसू, ते ठरवून फ्रेंचमध्ये एका वाक्यात कारण द्यावे. त्यानंतर आपल्या आठवड्याच्या डब्याची तशीच पत्रिका तयार करावी आणि थालीपीठ किंवा उसळ म्हणजे काय, हे फ्रान्समधल्या लिआँ शहरातील मुलाला कळेल अशा शब्दांत लिहावे. थालीपीठात कोणकोणती पिठे, कांदा, तीळ पडतात हे सांगताना फ्रेंचमधील अंशवाचक उपपदे (‘थोडेसे’ असे सुचवणारे नामाआधीचे छोटे शब्द) मुलांना वापरावीच लागतात. नियमाचा तक्ता त्यानंतर फळ्यावर आला, तर तो कशासाठी आहे हे त्यांना समजलेले असते.

ऐकण्यासाठी आरएफआय या फ्रेंच नभोवाणीचे सोप्या फ्रेंचमधील दहा मिनिटांचे बातमीपत्र उपयोगी पडते; त्याची लिखित संहिताही मिळते. आपल्या वर्गासाठी मात्र दहा मिनिटे फार झाली. त्यातली मिनिटभराची एकच बातमी निवडावी, पहिल्यांदा ऐकताना मुलांनी केवळ गावांची नावे व आकडे टिपावेत आणि संहिता शेवटी द्यावी. ती आधीच हातात पडली, तर मुले वाचत बसतात आणि कान कामाला लागतच नाहीत. टीव्ही५ मोंद या वाहिनीच्या संकेतस्थळावर ए१ (नवशिके) ते बी२ (बऱ्यापैकी सराईत) या पातळ्यांनुसार लावलेल्या छोट्या चित्रफिती व स्वाध्याय विनामूल्य आहेत, आणि शिक्षकांसाठी तयार पाठ-टिपणे वेगळी ठेवलेली आहेत.

तयार स्वाध्याय घेताना एक गोष्ट अवश्य पाहावी. त्यांतील बरेचसे इंग्रजी बोलणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून रचलेले असतात, म्हणून ‘त्यु’ (तू) आणि ‘व्हू’ (तुम्ही, आपण) यांतला फरक समजावण्यात त्यांची पाने खर्ची पडतात. तू, तुम्ही आणि आपण यांत वाढलेल्या मुलांना तो फरक दोन ओळींत कळतो. आपल्या मुलांना हवे असतात ते दोन्ही भाषांची वाट वेगळी होते असे प्रसंग : आजीशी, शेजाऱ्याशी, दुकानदाराशी, आईच्या मैत्रिणीशी कसे बोलावे? अशा प्रसंगांची चार-पाच कार्डे आपणच लिहावीत, ती आयती मिळणार नाहीत.

प्रश्न : संस्कृतीचा तास म्हटला की आयफेल मनोरा, अत्तरे आणि चीज यांपलीकडे आम्ही जात नाही. आणखी काय घेता येईल?

उत्तर : मॉरिशस घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. एकोणिसाव्या शतकात कोकण व आसपासच्या भागांतून मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे राहतात. तेथे बोलण्यात फ्रेंचपासून घडलेली क्रिओल भाषा असते, वृत्तपत्रे मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात, शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे १९०८ पासून निघणाऱ्या ‘ल मोरिसियँ’सारख्या दैनिकांत चतुर्थीच्या सुमारास या सणाचा मजकूर फ्रेंचमध्ये मिळतो. मूर्ती, आरती, मोदक, विसर्जन हे सारे मुलांना पाठ असल्याने अनोळखी शब्दांचा अर्थ ती संदर्भावरून काढतात, आणि एरवी कठीण वाटणारा वृत्तपत्रीय परिच्छेद नववीतही पेलतो. फ्रेंच ही केवळ फ्रान्सची भाषा नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वरच्या वर्गांसाठी सतराव्या शतकातील फ्रेंच कवी ला फाँतेन याच्या पद्य बोधकथा आहेत. १६७८ च्या आपल्या दुसऱ्या संग्रहाच्या आरंभी त्याने यांतील बहुतेक कथांसाठी आपण ‘पिल्पे’ नावाच्या भारतीय ऋषीचे ऋणी असल्याचे लिहिले आहे; पंचतंत्रातील कथा युरोपात याच नावाने पोचल्या होत्या. पंचतंत्रातील काठी तोंडात धरून हंसांबरोबर उडणारे कासव त्याच्याकडे दोन बदकांबरोबर उडते. पंचतंत्रातले कासव खालच्या लोकांचा गलबला ऐकून बोलते. ला फाँतेनचे कासव लोकांनी ‘कासवांची राणी’ म्हटल्यावर ‘होय, मीच ती’ असे सांगायला तोंड उघडते. एकाच कथेत हे पात्र वेगळे का झाले, यावर अकरावी-बारावीची मुले मोडक्या फ्रेंचमध्येही मनापासून बोलतात. सतराव्या शतकातील भाषा अवघड असल्यामुळे मूळ पद्यातील आठ-दहा ओळीच द्याव्यात.

चित्रपटाचे फ्रेंच आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांच्या जेमतेम मिनिटभराच्या मूक चित्रफितीही घ्याव्यात. पॅरिसमधील डिसेंबर १८९५ च्या खेळानंतर ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्या दाखवल्या गेल्या. त्यांत शब्द नाहीत, म्हणून शब्द मुलांनीच घालायचे.

प्रश्न : असे साहित्य वर्गात छायाप्रती काढून वाटणे कायद्यात बसते का?

उत्तर : वर्गात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रती काढण्यास १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते. अख्खे पुस्तक स्कॅन करून सर्वांसाठी खुले ठेवणे ही निराळी गोष्ट आहे, ती करू नये. चित्रांसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गालिका’ हा १९९७ पासूनचा संग्रह पाहावा. जुन्या जाहिराती व वृत्तपत्रे तेथे विपुल आहेत. पॅरिस शहराच्या संग्रहालयांनीही जानेवारी २०२० पासून एक लाखाहून अधिक चित्रे मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. छापील पुस्तकांसाठी मुंबई व पुण्यातील आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयांत चौकशी करावी. वाटलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी तो कोठून व कोणत्या तारखेस घेतला हे लिहून ठेवावे, कारण नगरपालिकेची जेवणपत्रिका पुढच्या आठवड्यात त्या पानावर असेलच असे नाही.