लोणच्याला काचेची बरणी घ्यावी की प्लास्टिकची?

लोणच्याला काचच (चिनी मातीची बरणी असेल तर तीही मस्त). मीठ, आंबटपणा आणि वर तेलाचा थर, आणि ते वर्षभर तसंच बसणार, काचेला याने काही होत नाही पण प्लास्टिकच्या डब्यात हळदीचा रंग आणि हिंगाचा वास असा मुरतो की तो डबा नंतर दुसऱ्या कशाला वापरवत नाही. झाकण मात्र बघून घ्या, पत्र्याचं असेल तर मिठाने गंजतं. आणि साध्या काचेत गरम फोडणी डायरेक्ट ओतू नका, तडकते, तसंही लोणच्याला फोडणी गार करूनच घालतात.

बाकी काच म्हणजे पर्यावरणाला चांगलीच असं सरसकट नाही हां. ती बनवायला भट्टी १५०० अंशांच्या आसपास तापवावी लागते, वजन जास्त म्हणून वाहतुकीला डिझेलही जास्त, त्यामुळे पुन्हापुन्हा वापरली तरच अर्थ आहे. म्हणून नवीन सेट घेत बसू नका, घरात जॅम-कॉफीच्या रिकाम्या बाटल्या असतीलच, त्या धुवून उन्हात कडकडीत वाळवा, छोट्या लोणच्याला पुरतात. रवा-पोहे वगैरे कोरडं सामान आहे त्या प्लास्टिकच्या डब्यात राहू दे.