खडकाचा स्वभाव आधी ओळखा

कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीखाली साठवण्याच्या या कामात तुम्ही नवे आहात, म्हणून आधीच सांगतो: तो वेगळा काढणे हा त्यातला सोपा भाग आहे, कारण अमाइन या रसायनाच्या द्रावणाने नैसर्गिक वायू धुण्याची पद्धत अनेक दशके रुळलेली आहे, खरी कसोटी जमिनीखाली लागते. नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातील वायूक्षेत्राच्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड सुमारे ९ टक्के होता, विक्रीसाठी २.५ टक्क्यांवर आणणे भाग होते आणि तो हवेत सोडण्यावर १९९१ पासून करही (कार्बन कर) होता. म्हणून १९९६ पासून तो समुद्रतळाखालील खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मात सोडला जाऊ लागला. त्या यशावर भाळू नका. त्याच देशात स्नोव्हिट येथे २००८ मध्ये साठवण सुरू झाली, पण खडकातील दाब अपेक्षेपेक्षा वेगाने वाढल्याने २०११ मध्ये दुसरा थर गाठावा लागला.

मुंबई हाय तेलक्षेत्रात साठवणीचा विचार करताना तिथले तेल मुख्यतः चुनखडीत आहे आणि हा वायू पाण्यात मिसळून होणारे आम्ल चुनखडी विरघळवते, हे ध्यानात ठेवा. जुन्या विहिरींच्या सिमेंटच्या नोंदी तर सर्वांत आधी मागवा. गळती बहुधा तिथूनच संभवते.

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पोलादी नळीचा एक तुकडा आहे, ज्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवले की खड्डे लागतात. कार्बन डायऑक्साइड पुरेसा कोरडा न करता नळीत सोडल्याचा तो परिणाम. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरून उरणला याल, तेव्हा तो हातात घेऊन पाहा.