गुरांच्या डॉक्टरला माणसांच्या आजारावर संशोधन करता येतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: भाची शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुढे पुण्यात राहून माणसांना होणाऱ्या आजारांवर संशोधन करायचंय, आणि घरचे म्हणतात, "गुरांच्या डॉक्टरला तिथं उभं कोण करणार?" मामा म्हणून तुम्हाला तिची बाजू घ्यायचीये, पण हाताशी मुद्दे नाहीत.

उभं करतात हो. मला केलं. मीही शिरवळचीच. आता पुण्यात ब्रुसेलोसिसवर काम करते. गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभ टाकते, वार अडकते, आणि त्याच गोठ्यातल्या माणसाला महिनोन् महिने संध्याकाळचा ताप येतो, तो हा आजार.

मी इकडे आले ती ठरवून नाही. इंटर्नशिपमध्ये आम्ही कालवडींना ब्रुसेलाची लस टोचत होतो. ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच देतात, आणि तिच्यात कमजोर केलेले पण जिवंत जंतू असतात. एका कालवडीनं लाथ झाडली आणि सुई माझ्या अंगठ्यात. गाईसाठी कमजोर केलेला जंतू माणसालाही आजारी पाडू शकतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "ब्रुसेला म्हणजे ते कुत्र्याचं का?" शेवटी आमच्या सरांनी एका संसर्गजन्य आजारांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथं डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन मिळालं, २१ दिवस. रिफॅम्पिसिननं लघवी लालसर होते, त्यामुळे रोज सकाळी आठवण ताजी. मला काही झालं नाही. पण मला निदान बाटलीवरचं नाव तरी माहीत होतं. उघड्या हातानं वार ओढून काढणाऱ्या बाईला ताप आला, तर ती डॉक्टरला काय सांगणार, हा प्रश्न त्या २१ दिवसांत डोक्यात बसला तो बसलाच.

तिला बहुतेक वेळा टायफॉईडच्या गोळ्या मिळतात. ताप उतरतो, पंधरा दिवसांनी परत कणकण, सांधे धरलेले, कंबर धरलेली. मग हिवताप, मग संधिवात, मग "टेन्शन घेता का मावशी?" नेमकं निदान झालं तर दोन औषधं मिळून सहा आठवड्यांचा कोर्स असतो. पण निदान व्हायला कुणीतरी विचारावं लागतं, "घरी गाय आहे का? अलीकडे कुठली गाभडली का?" हा प्रश्न माणसांच्या डॉक्टरला सुचायला उशीर लागतो. पशुवैद्याला तो पहिल्यांदा सुचतो. भाचीच्या घरच्यांना हे एवढं सांगितलंत तरी पुरे.

आता पुण्याबद्दल. पुणेकर सांगायला लागला की लांबतं, तर थोडक्यात. देशातली जनावरांच्या आजारांवर संशोधन करणारी पहिली मोठी सरकारी प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यातच सुरू झाली, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात. तेव्हा बुळकांडीनं गुरं पटापट मरत होती. भरवस्तीत बुळकांडीचा जंतू हाताळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. बुळकांडी २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग, आणि तो गुरांचा. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना याचा जरा जास्तच अभिमान आहे, माफ करा.

त्यानंतरही पुण्यात जनावरांच्या आणि माणसांच्या आजारांचे दोन्ही धागे चालूच राहिले. एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, आसपासच्या माणसांना ताप यायला लागला, तेव्हा पुण्याची माणसं तिथं पोचली. पहिली शंका होती पीतज्वराची. निघाला वेगळाच, गोचिडांमधून पसरणारा विषाणू. सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला, त्याच्या आजाराला आज सरळ 'माकडताप' म्हणतात. निपाहच्या खुणा महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत सापडल्या, तेही एनआयव्हीचंच काम. कोव्हॅक्सिन तिथं २० माकडांवर तपासली गेली. त्या माकडांना भूल देणं, त्यांचे नमुने घेणं, त्यांची निगा राखणं, हे पशुवैद्याशिवाय होत नाही. औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आणि लस बनवणारी संस्था आहे. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही राष्ट्रीय संस्था आहे, पेशींच्या कामासाठी.

आणि सगळंच जंतूंचं नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन साधारण २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी त्या मानानं जपलेली. पुढे मधुमेहाचं मूळ इथं असावं, असा तो विचार. आता माणसाच्या दहा-वीस पिढ्या कोण बघणार? म्हणून उंदीर. पुण्यातल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका कामात उंदरांच्या तब्बल ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या होत्या. मग दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी मधुमेहाकडे झुकलेली त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते वाचून मी आजीच्या दुष्काळातल्या गोष्टी पहिल्यांदा नीट ऐकल्या.

अगदी अलीकडचं हवं असेल तर जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली ती आठवा. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात निवांत राहतो, कोंबडीला त्याचं काही नाही. माणसाच्या पोटात तो अर्धवट शिजलेल्या मांसातून जातो, नाहीतर घाण मिसळलेल्या पाण्यातून. त्याच्या अंगावरची काही साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रचनेसारखी दिसते, म्हणून शरीर जंतूला मारायला निघतं आणि स्वतःच्याच नसांवर उठतं. मेंदूविकारतज्ज्ञ, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर आणि कोंबड्यांचा डॉक्टर असे तिघं एका टेबलाशी बसल्याशिवाय असलं कोडं सुटत नाही.

बसणं सोपं नसतं, आणि तिथंच तुमच्या भाचीची खरी परीक्षा आहे.

माझ्या पीएचडीचं काम शिरूर तालुक्यातल्या गोठ्यांत होतं. एका घरातली गाय आणि त्याच घरातली माणसं, दोघांचं रक्त तपासायचं. कागदावर दोन ओळींचं काम. प्रत्यक्षात गाईसाठी प्राणी आचारसमिती वेगळी, माणसांसाठी मानवी आचारसमिती वेगळी. एकीनं सांगितलं, आधी दुसरीची परवानगी आणा. दुसरीनंही तेच सांगितलं. यात चार महिने गेले आणि तेवढ्यात मी ज्यांच्यावर डोळा ठेवून होते त्या सगळ्या गाई विऊन मोकळ्या झाल्या. शिवाय गाईचं रक्त मी काढणार, माणसाचं मी काढू शकत नाही. त्यासाठी परिचारिका सोबत हवी. ती बिचारी शेणात चप्पल घालून आली आणि पहिल्याच दिवशी परत जायला निघाली. माझे जादाचे गमबूट दिले तेव्हा थांबली, आणि पुढे दोन वर्षं थांबली. माझ्या थिसिसमधलं निम्मं श्रेय तिचं आहे.

संमतीपत्रावर सही घेणं हा तर स्वतंत्र विषय. "म्याडम, सातबाऱ्यावर बोजा तर न्हाई ना चढायचा?" हे मला एका आजोबांनी तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. मग त्यांनी सुनेला वाचायला लावलं, आणि मग सही केली. असंच करावं, असं माझं मत आहे. तीन पानांच्या कागदावर डोळे मिटून सही करणाऱ्यांपेक्षा मला ते आजोबा परवडले.

एकदा सुट्टीच्या दिवशी आमच्या इमारतीची लाइट गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, आणि सोमवारी फ्रीझर उघडला तर १४० नळ्यांमधलं सीरम वितळून कोमट झालेलं. कुणावर ओरडायचं तेही कळेना. त्या घरांना परत जाऊन परत रक्त मागितलं. काहींनी दिलं. काहींनी चहा दिला.

पण सगळ्यात अवघड असतं ते निकाल सांगणं. ब्रुसेलाची प्राथमिक तपासणी दिसायला फार साधी आहे. सीरमचा एक थेंब, त्यात गुलाबी अँटिजेनचा एक थेंब, चार मिनिटं पट्टी हलवत राहायची. गुठळ्या झाल्या, दूध नासल्यासारख्या, की पॉझिटिव्ह. चार मिनिटांत गाईचं भवितव्य. परदेशात अशी गाय मारतात आणि मालकाला भरपाई देतात. आपल्याकडे गोहत्येला कायद्यानं बंदी आहे, आणि गाईला या आजारावर औषधोपचार करत नाहीत, कारण जंतू पेशींच्या आत लपून बसतो. मग लाखभराची संकरित गाय दावणीला असलेल्या माणसाला मी काय सांगायचं? वेगळी बांधा, गाभडलं तर वार आणि मेलेलं वासरू चुना टाकून खोल पुरा, हातमोजे घाला, दूध उकळूनच प्या, कालवडींना लस टोचून घ्या. तो सगळं ऐकतो. मान डोलावतो. आठवड्यानं जावं तर दावण रिकामी. गाय चाकणच्या बाजारात गेलेली असते, आणि आजार तिच्यासोबत दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात.

मला पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्या माणसाचा राग आला होता. आता येत नाही. मी त्याला अडचण दिली होती, वाट दिली नव्हती.

त्याच घरातल्या मावशींची तपासणीही पॉझिटिव्ह आली. संध्याकाळचा ताप, हाडं फुटल्यागत, वर्षभर. त्यांचा रिपोर्ट गोपनीय, तो फक्त त्यांना सांगायचा. त्या म्हणाल्या, "मालकांना सांगू नका, गाय इकली म्हणून आधीच त्यांचं तोंड वाकडंय." त्यांना तालुक्याला नेऊन औषध सुरू केलं. सहा आठवडे रोज गोळी घेतली का म्हणून फोन करायची. तो फोन प्रोटोकॉलमध्ये नव्हता. मावशींचा ताप गेला. शोधनिबंधात त्या 'पॉझिटिव्ह' रकान्यातला एक आकडा आहेत.

आता व्यवहाराचं, पटकन. बी.व्ही.एस्सी. नंतर एम.व्ही.एस्सी. करावी, दोन वर्षांची. पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा साथरोगशास्त्र यातलं काहीतरी घ्यावं. शस्त्रक्रिया घेऊन मग इकडे वळता येतं, पण वळसा पडतो. पीएचडीसाठी सीएसआयआर, आयसीएमआर किंवा डीबीटीची जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळवायचा प्रयत्न करावा. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता अशी आहे, दोन वर्षांनी ४२,०००. पुण्यात यावर राहता येतं, औंधला फ्लॅट घेता येत नाही. फेलोशिप उशिरा जमा होते हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा "बघ, आम्ही म्हणत होतो" ऐकावं लागणार नाही. नागपूरला 'वन हेल्थ'च्या, म्हणजे माणसं, जनावरं आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या, राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे, तेव्हा पुढची दारं वाढतायत. पैसाच हवा असेल तर कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक काढावं. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही, माझी रूममेट तेच करते आणि मला अधूनमधून जेवायला नेते.

गाइड निवडताना संस्थेचं नाव बघू नये असं मी म्हणणार नाही, बघावंच. पण त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: नमुने घेतलेल्या गावात सर किंवा मॅडम निकाल सांगायला परत गेले होते का? उत्तर देताना विद्यार्थी अडखळला तर दुसरं दार ठोठवावं.

आणि भाचीला विचारा, पहाटे चारला उठता येतं का. धारेच्या वेळेलाच मालक गोठ्यात हमखास भेटतो, नंतर तो डेअरीला आणि मग शेतावर. जमत असेल तर एखाद्या शनिवारी तिला आमच्यासोबत पाठवा. गमबूट माझ्याकडे जादाचे असतात, फक्त पायाचा नंबर कळवा.