वाचकांचे प्रश्न : झुरळाने काही ठरवलेलं नसतं

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी भांडुपच्या एका मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. अनुकूलनाचा धडा झाल्यावर मुलांना विचारलं जिराफाची मान लांब कशी झाली, तर अख्ख्या वर्गाने एका सुरात सांगितलं की वरची पानं खायला ताणून ताणून झाली. मी चूक म्हटलं, नैसर्गिक निवड समजावली, मुलांनी माना डोलावल्या आणि पेपरात परत तेच लिहिलं. काही करून दाखवता येईल का? लॅब वगैरे आमच्याकडे नाही. – एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : ताई, तुमच्या मुलांनी जे सांगितलं ते 1809 साली लामार्कसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानेही लिहिलं होतं, त्यामुळे ती ढ आहेत असं अजिबात समजू नका. गरज पडली म्हणून शरीर बदललं असंच डोक्यात आधी येतं. त्यात आपणही वर्गात बोलून जातो की वाळवंटात पाणी कमी म्हणून निवडुंगाने पानांचे काटे केले, वाघाने लपायला पट्टे घेतले. मुलं तेच उचलतात.

माझं म्हणणं असं की जिराफ थोडे दिवस बाजूला ठेवा, तो मुलांनी फार तर पुस्तकात पाहिलाय. झुरळापासून सुरू करा, ते सगळ्यांच्या घरी आहे. किचनच्या ट्रॉलीत झुरळांचं जेल लावतात ना, तसल्या औषधात गोड म्हणून ग्लुकोज घालायचे. अमेरिकेत काही घरांमध्ये हे औषध चालेनासं झालं, शोधल्यावर कळलं की तिथली झुरळं ग्लुकोजला तोंडच लावत नाहीत, याची नोंद 1993 मध्ये झाली. आणि 2013 मध्ये त्याचं कारणही सापडलं, या झुरळांच्या तोंडावरच्या ज्या पेशींनी कडू चव कळते त्याच पेशी ग्लुकोजलाही जाग्या होतात, म्हणजे त्यांना ग्लुकोज कडू लागतं.

आता मुलांना एकच प्रश्न विचारा आणि उत्तर यायला भरपूर वेळ द्या : औषध लावल्यावर एखाद्या झुरळात काय बदल झाला? मुलं म्हणतील त्याला सवय झाली, ते शहाणं झालं, त्याने ठरवलं. नाही. एकाही झुरळात काही बदललं नाही, ज्याला गोड आवडायचं ते खाऊन मेलं आणि ज्या थोड्यांना जन्मापासूनच ते कडू लागायचं ती वाचली, त्यांना पिल्लं झाली, पिल्लांनाही कडूच लागलं. बदललं ते त्या घरातल्या झुरळांमधलं प्रमाण, यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं हाताने करू दे. लागतं काय, तर रद्दीचा पेपर, एक पांढरा कागद, एक लाल कार्डशीट आणि ऑफिसमधलं पंचिंग मशीन. तिन्ही कागदांच्या प्रत्येकी 20 टिकल्या पाडा, म्हणजे झाल्या 60. बेंचवर छापील पेपर पसरा, त्यावर टिकल्या विखरा (पंखा बंद ठेवा, उडतात). चार मुलं कावळे, पाठ करून उभी राहतील, वळतील, जी पहिली दिसेल ती एक टिकली उचलून परत पाठ करतील, असं करत करत 45 खायच्या. उरल्या 15, त्या रंगानुसार मोजून फळ्यावर लिहा, मग उरलेल्या प्रत्येकीला तिच्याच रंगाची तीन पिल्लं द्या, परत 60 झाल्या. अशा तीन पिढ्या करा. लाल टिकल्या बहुतेक आधी संपतील, पेपरच्या टिकल्या वाढत जातील आणि मुलांना दिसेल की कुठल्याही टिकलीने रंग बदलला नाही, तरी बेंच बदलला.

बरेच शिक्षक पहिल्या फेरीनंतर थांबतात, जो वाचला तो हुशार असं सांगून घंटा होते, आणि मला याचंच वाईट वाटतं कारण पिल्लांची फेरी झाल्याशिवाय त्यात निवडच नाही, नुसती शिकार आहे. आणि तिसऱ्या पिढीनंतर अजून एक करा, खालचा पेपर काढून त्याजागी लाल कार्डशीट पसरा, लाल टिकल्या उरल्या नसतील तर एक-दोन नव्या टाका आणि कुठूनतरी नवा फरक जन्माला येऊ शकतो हेही सांगून टाका. आता पेपरवाल्या टिकल्या भराभर खाल्ल्या जातील. कालची भारी टिकली आज उघडी पडली. बलवान टिकतो हे वाक्य मुलं कुठून तरी ऐकून आलेली असतात, त्याला उत्तर इथे मिळतं.

हे खेळातच होतं असं मुलांना वाटू नये म्हणून पीटर आणि रोझमेरी ग्रँट या नवरा-बायकोची गोष्ट सांगा. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर नावाच्या छोट्याशा बेटावर ते 1973 पासून फिंच या चिमणीसारख्या पक्ष्यांच्या चोची मोजत होते, एकेका पक्ष्याच्या पायात कडी घालून. 1977 मध्ये पाऊस पडला नाही, बारीक मऊ बिया संपल्या, राहिल्या त्या मोठ्या कडक बिया, त्यात आपल्या सराट्याच्याच जातकुळीतली एक काटेरी वनस्पती होती. मध्यम फिंच नावाच्या जातीतले साधारण 85 टक्के पक्षी मेले, वाचले ते बहुतेक जाड चोचीचे, आणि पुढची पिल्लं सरासरीने जाड चोचीची निघाली. मग 1983 मध्ये एल निनोमुळे (पॅसिफिकचं पाणी तापून हवामान बदलतं ते) धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत बारीक चोचीच्यांची सरशी झाली. खालचा कागद बदलला की काय होतं, तेच बेटावर झालं. यानंतर जिराफाकडे या, मुलं स्वतःच सांगतील.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. नॅशनल पार्कला गेलो तेव्हा तिने विचारलं की माकडापासून माणूस झाला तर ही माकडं अजून माकडंच कशी? मला उत्तर आलं नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की दशावतार म्हणजेच उत्क्रांती, मासा मग कासव मग वराह वगैरे. तिला हेच सांगितलं तर सोपं जाईल का? – एक बाबा, बोरिवली

उत्तर : मुलीचा प्रश्न एकदम रास्त आहे, तिला गप्प करू नका. पार्कातली माकडं आपली पूर्वज नाहीत, नातेवाईक आहेत. तिची मामेबहीण आणि ती एकाच आजीच्या नाती, पण म्हणून मामेबहीण कधी ती होणार नाही आणि ती मामेबहिणीपासून झालेली नाही, तसंच हे. चिंपांझी आणि आपण ज्या पूर्वजापासून वेगळे झालो तो साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा, पार्कातल्या माकडांशी असलेलं नातं त्याहून कितीतरी जुनं, अडीच-तीन कोटी वर्षांचं. वाकलेल्या माकडापासून सुरू होऊन ताठ माणसापर्यंत जाणारी ती रांग टीशर्टवर असते ना, सगळा घोळ तिथून होतो. त्याऐवजी तिच्याकडून फांद्या असलेलं झाड काढून घ्या.

दशावताराबद्दल मी मनापासून सांगते, ती गोष्ट तिला आजीकडून जरूर ऐकू दे, श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिला स्वतःची जागा आहे, तिला विज्ञानाच्या सर्टिफिकेटची गरज नाही. पण धडा म्हणून वापरू नका. त्या गोष्टीत कासव माशाचं पिल्लू नाही आणि अवतार काही हेतू धरून येतात, निवडीला हेतूच नसतो. शिवाय क्रम लावला की मुलांना वाटतं मासे मागे राहिले आणि आपण पुढे आलो. बाजारातल्या बोंबलाच्या मागेही तेवढीच कोट्यवधी वर्षं आहेत जेवढी आपल्या मागे.

आणि क्रम उलटा कसा जातो याचा पुरावा आपल्याच देशात सापडलाय, जम्मू भागातल्या कालाकोटच्या खडकांत. इंडोहायस नाव त्याचं, साधारण मांजराएवढा, हरणासारखा खुरांचा प्राणी, 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानाचं हाड व्हेलच्या कानासारखं जाड आहे, आज फक्त व्हेल-डॉल्फिनच्या कुळातच तसं हाड असतं. 2007 मध्ये हे जगासमोर आलं. त्याच्या भाऊबंदांपैकी काही पाण्यात उतरले आणि त्यांच्यापासून पुढे व्हेल झाले, कच्छमध्ये अशा जुन्या व्हेलचे जीवाश्म सापडतात. जमिनीवर आलेल्यांचे वंशज परत समुद्रात गेले. मुलीला हे सांगून बघा, तिला जाम आवडेल.

प्रश्न : आमच्या मुलाची शाळा सीबीएसईची. दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली म्हणे, मग आधीच्या वर्गांत कशाला वेळ घालवायचा? – एक आई, दादर

उत्तर : उलट म्हणूनच घालवायचा. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या (सीबीएसई शाळांची पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था) दहावीच्या धड्यातून तो भाग गेला, 1800 हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी विरोधाचं पत्रही दिलं होतं. बारावीच्या बायोलॉजीत धडा आहे, पण बायोलॉजी घेणारी मुलं किती असतात? कॉमर्सला जाणाऱ्या मुलाला हा विषय पुढे भेटतच नाही. स्टेट बोर्डाच्या दहावीत मात्र 2018 च्या पुस्तकापासून आनुवंशिकता व उत्क्रांती हा विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा आहे.

आणि मुंबईत तर हे माहीत असणं गरजेचंच आहे. 2011 च्या शेवटी इथल्याच एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणारा टीबी नोंदवला होता. बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडल्या की जे जंतू औषधाला थोडे चिवट असतात तेच उरतात आणि वाढतात, झुरळांचीच गोष्ट, फक्त माणसाच्या फुप्फुसात. तुमच्या मुलाला हे आत्ता कळलं तर घरात कोणी कोर्स अर्धवट टाकताना तो नक्की टोकेल.

बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक एनसीईआरटीच्या साइटवर फुकट मिळतं, त्यातला उत्क्रांतीचा धडा काढा, चित्रं त्याच्यासोबत बसून बघा, मधे काही समीकरणं येतात ती सध्या सोडून द्या.