दारात उभं राहणाऱ्या बाई

"नव्यांना जागा करून दिली तर आपलं काय उरेल?" मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण फिरून फिरून याच प्रश्नाशी येतात. सून आल्यावर ओट्यावरचा ताबा गेलेली सासू हेच विचारते. गणपतीच्या आरत्या रोमन लिपीत छापायच्या की नाही, यावरून महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीचा राजीनामा देऊन आलेले एक काकाही हेच विचारत होते. पण हा प्रश्न मला नीट कळला तो फिलाडेल्फियातल्या एका आफ्रिकन-अमेरिकन आजींमुळे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना मिसेस एच. म्हणू. पहिल्या नावाने हाक मारायची नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. त्यांच्या आईला गोऱ्या लोकांनी आयुष्यभर नुसत्या नावाने हाक मारली, कधी 'मिसेस' लावलं नाही.

सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. चर्चमध्ये चाळीस वर्षं 'अशर'. म्हणजे रविवारी पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून दारात उभं राहायचं, येणाऱ्याला बाकापर्यंत न्यायचं, हातात पुठ्ठ्याचा पंखा द्यायचा, गाताना कुणाला भरून आलं तर शेजारी जाऊन उभं राहायचं. उपासना चालू असताना बोलायचं नाही. सगळं हातांच्या ठरलेल्या खुणांनी. हे काम किती मानाचं, ते बाहेरच्याला पटकन कळत नाही.

"आई रात्रभर जागी असते," म्हणून मुलीने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. कारण वरवर साधं होतं. बिशपांनी मंडळीवर नवे, तरुण पाळक नेमले होते. (चर्चची मंडळी, पाळक, उपासना हे माझ्या नगरच्या लहानपणीचे शब्द, तेच वापरते.) वस्ती बदलली होती. भाडं परवडेना म्हणून जुनी कृष्णवर्णीय कुटुंबं लांब गेली, नव्या फ्लॅटमध्ये गोरी जोडपी आली, काही मेक्सिकन, दोन-चार भारतीय. बाकं रिकामी पडू लागली. पाळकांनी ठरवलं, आपली मंडळी सर्व वंशांची झाली पाहिजे. अडीच तासांची उपासना सव्वा तासावर आणली. स्वागत समिती काढून मिसेस एच. यांना तिची प्रमुख केलं. आणि सहाच महिन्यांपूर्वी आलेल्या एका गोऱ्या गृहस्थांचं नाव विश्वस्त मंडळासाठी सुचवलं, कारण ते हिशेबात हुशार.

मी सुरुवातच चुकीची केली. बदल पचवायला त्रास होतो, वय, वैधव्य, असं सगळं मनाशी मांडून मी त्यांना श्वासाचे व्यायाम दिले. त्यांनी दोन आठवडे ते शिस्तीत केले. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "माझा श्वास व्यवस्थित चालू आहे. आता दाराबद्दल बोलू या का?"

दाराबद्दल म्हणजे १७ जून २०१५ बद्दल. साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन, इमॅन्युएल एएमई चर्च (मिसेस एच. यांच्याच, कृष्णवर्णीयांनी काढलेल्या पंथाचं), बुधवार संध्याकाळचा बायबल अभ्यास. एक अनोळखी गोरा तरुण आला. त्याला पाळकांशेजारी जागा दिली. तो जवळजवळ तासभर बसला आणि प्रार्थनेला डोळे मिटल्यावर त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. मिसेस एच. यांच्याकडेही बुधवारी बायबल अभ्यास असतो, दारात त्याच असतात.

"मी हसते. 'या, या' म्हणते. आणि बॅगेकडे बघते. दर वेळी. मग प्रार्थनेत मला माझीच लाज वाटते."

हे त्यांनी मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं. स्वागत समितीच्या प्रमुखाने हे कुणाला सांगायचं?

त्या दिवशी मी काही सुचवलं नाही. 'हे चर्च मुळात का बांधलं?' एवढंच विचारलं. त्यावर शिक्षिका जाग्या झाल्या. फिलाडेल्फियातच, सेंट जॉर्जेस या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) चर्चमध्ये रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स हे कृष्णवर्णीय उपदेशक प्रार्थनेला गुडघे टेकून होते. 'इथे गुडघे टेकायचे नाहीत' म्हणून विश्वस्तांनी जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठवायला घेतलं. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच जोन्स म्हणाले. थांबले नाहीत. मग सगळे कृष्णवर्णीय भाविक एकत्र उठून बाहेर पडले. परंपरा हे साल १७८७ सांगते, काही इतिहासकार १७९२. त्या चर्चच्या वरच्या नव्या सज्जाच्या बांधकामाला पैसे त्यांनीही दिले होते! १७९४ मध्ये ॲलन यांनी बेथेल चर्च उभं केलं. तरी गोरे मेथडिस्ट त्या इमारतीवर आणि व्यासपीठावर हक्क सांगत राहिले. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, म्हणजे एएमई हा स्वतंत्र पंथ उभा राहिला.

"आम्ही कुणाला बाहेर ठेवायला चर्च बांधलं नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला बाहेर काढलं म्हणून बांधलं. दार तेव्हापासून उघडंच आहे. प्रत्येक रविवारी प्रवचनानंतर पाळक म्हणतात, 'चर्चची दारं उघडी आहेत.' कोणी येत नव्हतं, तो दोष दाराचा?"

विश्वस्त मंडळाचा मुद्दा मला तेव्हा उमगला. त्या गोऱ्या गृहस्थांचा हेतू चांगला असेलही. पण ज्या मंडळीच्या पूर्वजांना आपल्याच इमारतीसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, तिथे तिजोरीची किल्ली सहा महिन्यांच्या ओळखीवर द्यायची नसते. याला संकुचितपणा म्हणणं मला पटत नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. 'वंशवैविध्य' म्हटलं की अमेरिकेत बहुतेक वेळा कृष्णवर्णीयांनीच गोऱ्यांच्या मंडळीत जायचं, तिथली गाणी, तिथलं घड्याळ आपलंसं करायचं असं गृहीत असतं. इथे प्रवास उलटा होता, तरी घड्याळ मात्र गोऱ्यांचंच आलं होतं.

पाळकही मला एकदा भेटले. मनाने चांगला माणूस, रिकाम्या बाकांनी घाबरलेला. त्यांनी हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय पाळक-विचारवंताचं उदाहरण दिलं. थर्मन १९३५-३६ मध्ये भारतात आले होते, बारडोलीला गांधीजींना भेटले होते. १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या पाळकाबरोबर सर्व वंशांची मंडळी काढली. मी हे मिसेस एच. यांच्या कानावर घातलं. त्या हसल्या. "थर्मन यांनी नवं घर बांधलं. आमच्या राहत्या घराच्या भिंती पाडल्या नाहीत." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. समुपदेशकाने अशिलाच्या घरी-चर्चला जाऊ नये असा आमचा दंडक आहे. माझ्या मार्गदर्शक बाईंशी बोलून मी गेले. पाहुण्यांनी उभं राहून नाव सांगायचं असतं, सांगितलं. मग तीस-चाळीस माणसांनी येऊन मिठ्या मारल्या. उपासना लांबली, मी दोनदा घड्याळ पाहिलं आणि मिसेस एच. यांनी ते दोन्ही वेळा टिपलं. नंतर तळघरात जेवण, मॅकरोनी-चीज, कॉलर्डची पालेभाजी, रताळ्याचा गोड 'पाय' (pie). ताटं धुवायला उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा मला कोणीतरी 'बेबी' म्हटलं, म्हणजे आपलं मानलं. आमच्या नगरकडच्या देवळात (आजी चर्चला देऊळच म्हणायची) महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना एका पंगतीला बसायला किती वर्षं लागली, हे आजी खाली मान घालून सांगायची. अडवणाऱ्यांत आमच्याच घरचे होते. तिथे अडवणाऱ्यांची उतरंड होती. इथे अडवलं गेलेल्यांची भीती होती. दोन्ही एकाच मापाने मोजायचा मोह मलाही झाला होता, म्हणून लिहून ठेवते.

पुढच्या भेटीत आम्ही एका कागदावर तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. कशाचं दुःख आहे, कशाची भीती आहे, कशाला हरकत आहे. दुःखात त्यांनी गायनातल्या जुन्या मैत्रिणींची नावं लिहिली, ज्या भाडं वाढल्यामुळे गेल्या. त्यात नव्यांचा काही दोष नव्हता, हे त्यांनीच मोठ्याने म्हटलं. भीतीत एकच शब्द होता, 'बुधवार'. हरकती मात्र पानभर.

दुःखाला उपाय नसतो. दोन मैत्रिणींना महिन्यातून एकदा गाडी पाठवून आणायचं ठरलं, एवढंच. भीतीसाठी मी त्यांना सांगितलं, हे ओझं तुमच्या एकटीच्या डोळ्यांवर ठेवू नका, मंडळीचं करा. त्यांनी सभेत बॅगेची गोष्ट सांगितली. सांगताना आवाज कापला म्हणे. खाली बसल्या तर आणखी पाच जणी उठून म्हणाल्या, "मीपण बघते." आता बुधवारी मागचं दार बंद असतं, पुढच्या दारात दोघं असतात, आणि बॅगांचा नियम सगळ्यांना सारखा आहे, बिशपांनासुद्धा. हरकतींचं त्यांनी पाळकांना पत्र लिहिलं, लाल शाईने दुरुस्त्या करून. उपासना पुन्हा लांब झाली. विश्वस्त व्हायला आधी तीन वर्षं मंडळीत आणि एक वर्ष स्वयंपाकघरात, असा नियम झाला. नव्यांच्या वर्गात पहिल्या दिवशी ॲलन आणि जोन्स यांची गोष्ट मिसेस एच. सांगतात.

सगळे खूश झाले असं नाही. हिशेबनीस रुसून गेले. दोन जोडपी लहान मुलांना इतका वेळ बसवत नाही म्हणून गेली, ते खरंही होतं. पाळक माझ्यावर थोडे नाराज आहेत. एक मेक्सिकन कुटुंब राहिलं, दोन गोरी जोडपी राहिली, आणि एक दाढीवाला तरुण राहिला, ज्याच्या पाठीवरच्या बॅगेकडे मिसेस एच. यांनी सगळ्यात जास्त दिवस पाहिलं होतं. त्याने अशर व्हायचं ठरवलं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. झोपेचं विचारलं तर म्हणाल्या, "बरी आहे. बुधवारी नाही." मग त्याच्याबद्दल तक्रार सुरू झाली. "खुणा पाठ आहेत, हातमोजे स्वच्छ असतात. पण डावा हात पाठीमागे ठेवायचा असतो, आणि हा पोरगा खिशात घालतो. चार रविवार झाले सांगते आहे."