पाणी मिळते का, असे विचारू नका
१९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील पत्र्याच्या शेडमध्ये काम करताना जे उमगले, ते तुम्हाला सांगतो. आजच्या स्फिअर मानकांप्रमाणे (आपत्तीतील मदतीचे किमान आंतरराष्ट्रीय निकष) माणशी दिवसाला १५ लिटर पाणी आणि २० जणांमागे एक शौचालय हा हिशेब कागदावर जुळला, म्हणजे मदत पोहोचली असे समजू नका. ‘पाणी मिळते का’ असे विचारल्यास, पुढची मदत बंद होईल या धास्तीने, सगळे ‘मिळते’ असेच म्हणतात. त्याऐवजी आज किती खेपा झाल्या आणि शेवटचा हंडा कशासाठी वापरला, हे विचारावे. बायकांशी बाईनेच, पुरुषमंडळी नसताना बोलावे. शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही म्हणून त्या अंधार पडेपर्यंत थांबतात, हे चावडीवर कळत नाही. तक्रारपेटीवर माझा फारसा भरवसा नाही. कडी बसवल्यावर मात्र त्याच शेडमध्ये जाऊन तसे सांगून या.